निसर्गवेधांचें जाळें

२६ जुलै २००५ रोजीं मुंबईवर जो पाऊस कोसळला, त्याची आठवण महाराष्ट्रांतील कोणत्याहि घराला नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. त्या दिवशीं सकाळीं साडेआठपासून दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठपर्यंत सांताक्रूझ येथील पर्जन्यमापकांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या पर्जन्यमापकांत नोंदलेला पाऊस होता अवघा ७३ मिलिमीटर. शहर एक, दिवस एक, दोन्ही नोंदी खऱ्या. आणि तरीहि एकींत प्रलय, तर दुसरींत पावसाळ्यांतील नेहमींचा एखादा ओला दिवस. कुर्ल्यास, कलिन्यास, मिठी नदीच्या कांठच्या वस्त्यांत घरें पाण्याखालीं जात होतीं, आणि वीस-पंचवीस किलोमीटरांवर असलेल्या दक्षिण टोंकास त्याची पुरती कल्पनाहि नव्हती. शेंकडों माणसें त्या पुरांत दगावलीं.

आतां त्या दिवशीं मुंबईंत पाऊस किती पडला, या प्रश्नास काय उत्तर द्यावें? दोन आंकड्यांची सरासरी काढली तर ती पांचशें मिलिमीटरांच्या आसपास येईल, आणि तो आंकडा दोन्ही ठिकाणीं खोटा ठरेल. यांतील मर्म असें आहे कीं, निसर्गाविषयींचा कोणताहि आंकडा एकटा असतां मुका असतो. ‘किती’ या शब्दास ‘कोठें’ आणि ‘केव्हां’ यांची जोड मिळाली म्हणजे तो बोलूं लागतो. आणि एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीस वेळेवर भेटली म्हणजे तो माणसाच्या उपयोगीं पडतो. आजकाल आपण ‘सेन्सर’, ‘लोकेशन’ हे शब्द घरोघर ऐकतों. सेन्सर म्हणजे संवेदक. उष्णता, ओलावा, वारा, धूळ यांचें ज्ञान करून घेणारें यंत्राचें इंद्रिय. असे हजारों संवेदक एकमेकांस जोडून पृथ्वीची प्रकृति पाहण्याचा उद्योग सांप्रत जगभर चालला आहे. यंत्रें नवीं असलीं तरी उद्योग नवा नाहीं. तो कसा वाढत आला, आणि त्यांत काय सांभाळावयास हवें, याचाच थोडा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

पाऊस मोजावा ही बुद्धि आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, राजाच्या कोष्ठागारांत एक अरत्नि, म्हणजे सुमारें एक हात रुंद तोंडाचें कुंड पाऊस मोजण्यासाठीं ठेवावें असें सांगितलें आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, त्याच ग्रंथांत निरनिराळ्या प्रदेशांचें पर्जन्यमान निरनिराळें दिलें आहे. जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशास १६ द्रोण, अवंतीस २३ द्रोण, आणि अपरांतास, म्हणजे आपल्या कोंकणास, मोजदादीपलीकडचा पाऊस. कोणत्या प्रांतांत कोणतें पीक घ्यावें हें या मापावरून ठरवावयाचें होतें. म्हणजे ‘किती’ला ‘कोठें’ जोडण्याचें महत्त्व त्या ग्रंथकारास ठाऊक होतें. ‘केव्हां’चा हिशेब आमच्या शेतकऱ्यांनीं नक्षत्रांवर बसविला, मृगाचा पाऊस, आर्द्रेचा पाऊस, हस्ताचा पाऊस हीं नांवें म्हणजे अनुभवाची तोंडीं राहिलेली दैनंदिनीच होय. उणीव होती ती एवढीच कीं, एका गांवचा अनुभव दुसऱ्या गांवास आंकड्यांत सांगण्याची सोय नव्हती.

ती सोय राज्याच्या शिस्तीनें प्रथम करून पाहिली ती कोरिया देशांत. सेजोंग राजाच्या कारकीर्दींत, १४४१-४२ सालीं, ठराविक मापाचीं पर्जन्यपात्रें प्रांतोप्रांतीं धाडण्यांत आलीं व पावसाचें मान दरबारास कळवावें अशी आज्ञा झाली. सर्व पात्रें एका मापाचीं, यांत त्या योजनेचें सारें शहाणपण आहे. पात्राचें तोंड जर गांवोगांव वेगळें असेल तर एका गांवच्या चार बोटें पावसाची दुसऱ्या गांवच्या चार बोटांशीं तुलना कशी करावयाची?

युरोपांत हा प्रयोग १६५४ च्या सुमारास सुरू झाला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांड यानें फ्लॉरेन्स येथें तयार करविलेले एकसारखे तापमापक इटलींतील कांहीं शहरांत आणि पॅरिस, वॉर्सा अशा दूरदूरच्या ठिकाणीं पाठविले, व ठरलेल्या वेळीं वाचन करून तें कळविण्याची व्यवस्था केली. हें जाळें १६६७ मध्यें तुटलें. पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं, १७८० सालीं, जर्मनींतील मानहाइम येथें एक हवामानविषयक मंडळ स्थापन झालें. त्यानें ग्रीनलंडपासून उरल पर्वतापर्यंत सुमारें चाळीस ठिकाणीं एकाच नमुन्याचीं यंत्रें दिलीं, आणि सकाळीं सात, दुपारीं दोन व रात्रीं नऊ या वेळा ठरवून टाकल्या. यंत्र एक, वेळ एक, नोंदवहीचा नमुना एक. ठिकाणें मात्र अनेक. जाळें म्हणतात तें यासच.

तथापि या जाळ्यांत एक मोठें वैगुण्य होतें. नोंदवह्या टपालानें येत. त्या जमा होऊन छापून निघेपर्यंत वर्षें लोटत. ब्रँडेस नांवाच्या जर्मन प्राध्यापकानें १७८३ सालच्या नोंदी नकाशावर मांडून वादळ कसें सरकत गेलें हें दाखविलें खरें. पण केव्हां, तर १८२० च्या सुमारास. वादळ येऊन गेल्यावर सदतीस वर्षांनीं त्याचा मार्ग कळला. इतिहासास तें पुरेसें होतें. परंतु समुद्रावरील नावाड्यास त्याचा काय उपयोग?

ही उणीव तारायंत्रानें भरून काढली, आणि त्यास निमित्त झालें एक युद्ध. क्रिमियाच्या युद्धांत, १४ नोव्हेंबर १८५४ रोजीं, काळ्या समुद्रांत बालाक्लाव्हा बंदरापाशीं प्रचंड वादळ झालें व इंग्रज आणि फ्रेंच आरमारांचीं अनेक जहाजें बुडालीं. पॅरिसच्या वेधशाळेचे अध्यक्ष ल व्हेरिए यांनीं त्या सुमाराच्या पांच दिवसांच्या नोंदी युरोपभरच्या निरीक्षकांकडून मागविल्या. अडीचशेंहून अधिक उत्तरें आलीं. तीं नकाशावर मांडतांच दिसून आलें कीं, वादळ पश्चिमेकडून पूर्वेकडे युरोप ओलांडीत काळ्या समुद्रावर गेलें होतें. वादळापेक्षां तार वेगानें धांवते. मग वाटेवरील शहरांनीं तार केली असती तर जहाजांस आगाऊ सूचना मिळाली असती, हा निष्कर्ष उघड होता. इंग्लंडांत हेंच काम फिट्झरॉय या नौदल अधिकाऱ्यानें हातीं घेतलें. डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासास गेला त्याचाच हा कप्तान. १८५९ सालीं ‘रॉयल चार्टर’ नांवाचें जहाज वादळांत फुटून शेंकडों उतारू बुडाल्यावर त्यानें किनाऱ्यावरील ठाण्यांतून तारेनें नोंदी मागविण्याची व्यवस्था केली, आणि १८६१ पासून बंदरांना वादळाच्या सूचना जाऊं लागल्या.

आपल्या देशास हा धडा याहूनहि कठोर रीतीनें मिळाला. ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं कलकत्त्यावर चक्रीवादळ आलें. वाऱ्यापेक्षांहि भयंकर ठरली ती समुद्राची लाट. ती हुगळी नदीच्या मुखांतून आंत शिरली आणि पन्नास हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढें गॅस्ट्रेल आणि ब्लॅनफर्ड या दोघांनीं जहाजांवरील नोंदी व किनाऱ्यावरील वाचनें जमवून त्या वादळाचा सविस्तर अहवाल लिहिला. वादळ अकस्मात् उपजलें नव्हतें; समुद्रावर त्याचीं चिन्हें अगोदर दिसलीं होतीं; परंतु ज्यांना तीं दिसलीं आणि ज्यांच्यावर तें कोसळलें त्यांच्यामध्यें दुवा नव्हता. १८६६ चा ओरिसांतील दुष्काळ हा असाच दुसरा आघात. या अनुभवांतून १८७५ सालीं भारतीय हवामान खातें स्थापन झालें व हेन्री ब्लॅनफर्ड हेच त्याचे पहिले प्रमुख झाले. निरनिराळ्या प्रांतांनीं आपापल्या पद्धतीनें चालविलेल्या वेधांना एक माप, एक वेळ व एक शिस्त लावणें हें त्यांचें पहिलें काम होतें.

या कथेंत महाराष्ट्राचा वांटा लहान नाहीं. मुंबईंत कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ मध्यें स्थापिली आणि १८४१ पासून तेथें नियमित वेध घेतले जाऊं लागले. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे लोकमान्य टिळकांचे गुरु केरूनाना, हे कोवळ्या वयांत याच वेधशाळेंत प्रो. ओर्लेबार यांच्या हाताखालीं काम करीत होते. पुढें गणित व ज्योतिष यांत त्यांनीं जें नांव मिळविलें त्याचा पाया त्या नोंदवहीच्या शिस्तींत घातला गेला असें म्हणण्यास हरकत नाहीं. वेध घेणें म्हणजे थंडीवाऱ्यांत, रात्रीं-अपरात्रीं, ठरल्या क्षणीं दिवा घेऊन यंत्रापाशीं जावयाचें, डोळा सरळ रेषेंत ठेवून आंकडा वाचावयाचा आणि तो जसाचा तसा लिहावयाचा. आळसानें एखादें वाचन चुकलें तर अंदाजानें रकाना भरण्याचा मोह होतो. तो आवरणें हेंच त्या कामांतील शील.

कुलाब्याचीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचेहि वेध घेतले जात. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचें ठरलें. विजेच्या प्रवाहानें चुंबकसूची विचलित होते. म्हणजे शहर आपल्याच गडबडीनें यंत्राचें मन बिघडविणार हें स्पष्ट झालें. तेव्हां नानाभाई मूस या पारशी विद्वानाच्या देखरेखीखालीं हें काम १९०४ मध्यें अलिबागेस हलविण्यांत आलें; तेथील इमारतींत चुंबकास आकर्षणारें लोखंड राहणार नाहीं अशी दक्षता घेतली गेली. सर्वांत शहाणपणाची गोष्ट पुढेंच आहे. अलिबागेचें काम सुरू होतांच कुलाब्याचें बंद केलें नाहीं. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले, दोहोंतील फरक नक्की केला, आणि मगच जुनें ठाणें सोडलें. त्यामुळें १८४१ पासूनची साखळी तुटली नाहीं. घर बदलतांना नोंदींचा वंश असा सांभाळला जातो.

नोंदी साठत गेल्या म्हणजे त्यांतून काय निघूं शकतें याचें उदाहरण गिल्बर्ट वॉकर यांनीं घालून दिलें. १९०४ ते १९२४ या काळांत ते आपल्या हवामान खात्याचे प्रमुख होते. मौसमी पाऊस एखाद्या वर्षीं कां रुसतो, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. हिंदी कारकुनांच्या हातून त्यांनीं जगभरच्या ठाण्यांच्या आंकड्यांचे लांबच लांब हिशेब करविले. त्यांतून असें दिसलें कीं, प्रशांत महासागरावर वायुभार वाढला कीं हिंदी महासागराकडे तो उतरतो, आणि उलटहि घडतें. जणूं तराजूचीं दोन पारडीं. या हेलकाव्यास त्यांनीं ‘दक्षिणी दोलन’ हें नांव दिलें. आज प्रत्येक उन्हाळ्यांत वर्तमानपत्रें ज्या ‘एल निनो’ची चर्चा करतात त्याचें हें भावंड होय, हें १९६० नंतरच्या दशकांत ब्यर्कनेस यांनीं स्पष्ट केलें. नगर-सोलापुराकडचा शेतकरी आकाशाकडे पाहतो तेव्हां त्याच्या पावसाचा एक धागा हजारों मैलांवरच्या समुद्रांत गुंतलेला असतो. आणि तो धागा एका ठाण्यावर बसून कोणासहि कधींच दिसला नसता. याच खात्याचें मुख्य कार्यालय १९२८ मध्यें सिमल्याहून पुण्यास आलें. पुढें तें दिल्लीस गेलें. परंतु पुण्यांतील शिवाजीनगरचा ‘सिमला ऑफिस’ हा थांबा त्या स्थलांतराची आठवण अजून धरून आहे.

येथपर्यंत यंत्र होतें, पण त्यापाशीं माणूस लागे. जेथें माणूस जाऊं शकत नाहीं तेथलें काय? या प्रश्नाचें पहिलें उत्तर फुग्यानें दिलें. फ्रान्समध्यें रोबेर ब्यूरो यांनीं १९२९ मध्यें आणि रशियांत मोलचानोव्ह यांनीं १९३० मध्यें फुग्यास हलकीं यंत्रें व बिनतारी प्रक्षेपक बांधून आकाशांत सोडला. फुगा वर जाई आणि उष्णतामान व वायुभार यांची वार्ता खालीं पाठवीत राही. यंत्र परत आलें नाहीं तरी त्याचें वाचन हातीं लागे. दुसऱ्या महायुद्धांत तर या कल्पनेनें हेराचें रूप घेतलें. ऑक्टोबर १९४३ मध्यें एका जर्मन पाणबुडीनें कॅनडाच्या लाब्राडोर किनाऱ्यावर चोरून एक स्वयंचलित हवामान-ठाणें उभें केलें. दर तीन तासांनीं आपलीं वाचनें आपणच पाठवावीं अशी त्याची रचना होती. संशय येऊं नये म्हणून त्यावर कॅनडाच्या एका काल्पनिक खात्याचें नांव लिहिलें होतें. तें थोडेच दिवस चाललें, आणि त्याचें खरें स्वरूप १९८१ मध्यें उलगडलें. उत्तर अटलांटिकावरचें हवामान पश्चिमेकडून येतें, म्हणून पश्चिमेकडील एका आंकड्यासाठीं शत्रूच्या भूमीवर उतरण्याचें हें साहस. स्थळाचें मोल याहून अधिक स्पष्ट कोणतें?

१ एप्रिल १९६० रोजीं ‘टायरॉस’ हा पहिला यशस्वी हवामान-उपग्रह अवकाशांत गेला आणि मेघमंडलाचें चित्र वरून दिसूं लागलें. १९७८ मध्यें ‘आर्गोस’ ही उपग्रहयोजना सुरू झाली. समुद्रावर तरंगणाऱ्या यंत्राची वार्ता आणि त्याचें ठिकाण ती त्याच्या संदेशांवरूनच जाणते. ज्या ‘जीपीएस’वर आज आपल्या मोबाईलचा नकाशा चालतो, त्याचा पहिला उपग्रहहि १९७८ मध्येंच गेला, व ती योजना १९९५ मध्यें पूर्णत्वास आली. यामुळें एक मोठा पालट झाला. पूर्वीं ठाणें स्थिर असे व त्याचा पत्ता वहीवर लिहिलेला असे. आतां यंत्र वाहत जावो, उडत जावो, आपला पत्ता तें स्वतःच सांगूं लागलें. या शतकाच्या आरंभापासून महासागरांत ‘आर्गो’ नांवाचे तरंगते वेधक सोडले जात आहेत. ते पाण्यांत बुडी मारतात, दोन किलोमीटर खोलीपासून वर येतांना उष्णता व क्षारता मोजतात, आणि सुमारें दर दहा दिवसांनीं पृष्ठभागावर येऊन सारें उपग्रहास सांगतात. नोव्हेंबर २००७ मध्यें त्यांची संख्या तीन हजारांवर गेली. हैदराबादची सागरी माहिती-संस्था या कामांत भारताच्या वतीनें सहभागी आहे.

कोंकणांतील वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीचीं समुद्री कांसवें अंडीं घालण्यास येतात हें आपण जाणतां. अंडीं घालून माद्या समुद्रांत परतत, आणि पुढें त्या कोठें जातात हें कोणासच माहीत नसे. २०२२ च्या आरंभीं भारतीय वन्यजीव संस्था व महाराष्ट्राचें कांदळवन प्रतिष्ठान यांनीं पांच माद्यांच्या पाठीवर उपग्रहास संदेश देणारीं लहान यंत्रें बसविलीं. पहिलीचें नांव ठेवलें ‘प्रथमा’, ती वेळासची. पुढील वर्षीं गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ तर श्रीलंकेस वळसा घालून बंगालच्या उपसागरांत जाऊन पोंचली. आपल्या किनाऱ्यावरील अंड्यांचें रक्षण वेळासच्या ग्रामस्थांनीं केलें, तरी त्या मातेची वाट अनेक समुद्रांतून जाते, हें त्या चिमुकल्या यंत्रानें दाखविलें.

आतां या साऱ्या उद्योगाचें फळ एका तुलनेंत पाहा. ऑक्टोबर १९९९ मध्यें ओरिसावर महाचक्रीवादळ आलें, त्यांत सुमारें दहा हजार माणसें गेलीं. ऑक्टोबर २०१३ मध्यें त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ हें प्रबळ वादळ आलें. त्याचा मार्ग अगोदर कळला होता, सुमारें दहा लाख लोकांस सुरक्षित जागीं नेलें, आणि मृतांची संख्या दोन आंकड्यांतच राहिली. श्रेय केवळ यंत्रांचें नव्हे. निवारे बांधले होते, गांवोगांव फिरून लोकांस समजावणारे कार्यकर्ते होते. परंतु कोठें जावयाचें व केव्हां निघावयाचें हें सांगितलें तें जाळ्यानें.

मुंबईनेंहि २००५ चा धडा घेतला. पुढच्याच वर्षीं महानगरपालिकेनें शहरांत तीसांहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले. तीं यंत्रें दर पंधरा मिनिटांनीं आपली वार्ता मध्यवर्ती कक्षास कळवूं लागलीं. पुढें ही संख्या वाढत गेली. हवेच्या शुद्धाशुद्धतेसाठीं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें ‘सफर’ ही योजना २०१० मध्यें दिल्लींत सुरू केली, आणि नंतर ती पुणें व मुंबईसहि आणली. आज घरांतील मुलगा मोबाईलवर पाहून आजोबांस सांगतो कीं, हवा वाईट आहे, फिरावयास जाऊं नका. त्या एका वाक्यामागें पांच शतकांहून अधिक काळाची ही परंपरा उभी आहे.

परंतु श्रोतेहो, यंत्रें वाढलीं म्हणून सावधपणा कमी करून चालत नाहीं. २९ मे २०२४ रोजीं दिल्लीजवळ मुंगेशपूर येथील स्वयंचलित ठाण्यानें ५२.९ अंश सेल्सियस उष्णतामान नोंदलें आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्यानें तपास केला तेव्हां तेथील संवेदक सुमारें तीन अंश अधिक दाखवीत असल्याचें आढळलें. यंत्राचा डोळाहि म्हातारा होतो. त्याचीहि वेळोवेळीं परीक्षा लागते. १९४८ मध्यें पुण्याच्या हवामान कार्यालयांत आलेल्या अण्णा मणी या विदुषीनें देशी हवामान-यंत्रांचे नमुने व मापें प्रमाणित करण्यांत आपलें आयुष्य वेंचलें, तें याच कारणासाठीं. चुकीच्या मापापेक्षां माप नसणें बरें, कारण अज्ञान माणसास निदान सावध ठेवतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, आंकडे आले म्हणजे अर्थ आपोआप येत नाहीं. दक्षिण ध्रुवाकडील हॅली बे या ब्रिटिश ठाण्यावर १९५७ च्या सुमारापासून वातावरणांतील ओझोन वायूचें माप जमिनीवरूनच घेतलें जात होतें. काम कंटाळवाणें व निष्कर्षशून्य भासणारें. परंतु १९८५ मध्यें फार्मन, गार्डिनर व शँकलिन यांनीं त्या जुन्या मालिकेवरून दाखवून दिलें कीं, तेथील वसंतऋतूंत ओझोन झपाट्यानें घटत आहे. त्याच काळीं उपग्रहावरूनहि मापें येतच होतीं. पण फारच कमी भरलेलीं मूल्यें संशयास्पद म्हणून खूण करून बाजूस ठेवलीं जात होतीं. म्हणजे नवें यंत्र पाहत होतें, परंतु तें जें पाहत होतें त्यावर विश्वास ठेवण्यास जुन्या वहीचा आधार लागला. त्यांतूनच १९८७ चा माँट्रियलचा करार निघाला व ओझोनास मारक वायूंवर निर्बंध आले.

तिसरी गोष्ट न्यायाची आहे. जाळें म्हटलें कीं त्यास छिद्रें असावयाचींच. पण तीं छिद्रें कोठें पडतात? पर्जन्यमापक विमानतळावर असतो, शासकीय आवारांत असतो, मोठ्या शाळेच्या गच्चीवर असतो. सखल गल्ली, नाल्यालगतची चाळ, डोंगरउतारावरची वाडी, घाटमाथ्यावरचा पाडा येथें तो क्वचित् असतो. जेथें नोंद नाहीं तेथें ‘कांहीं घडलें नाहीं’ असें कागदावर उमटतें. दुष्काळाची मदत असो, पीकविमा असो, पुराची सूचना असो, सारें जवळच्या ठाण्याच्या आंकड्यावर ठरूं लागलें आहे. ठाण्यावर पाऊस पडला व शिवारांत पडला नाहीं, तर शिवार खोटें ठरतें. जुन्या काळीं ज्याचा साक्षीदार नाहीं त्याची फिर्याद उभी राहत नसे. आज ज्याच्या गांवीं यंत्र नाहीं त्याची तीच गत होऊं पाहते. म्हणून आणखी यंत्रें हवींत हें खरें. पण तीं कोठें बसवावयाचीं हा प्रश्न ‘किती’ या प्रश्नापेक्षां मोठा आहे, आणि तो नुसत्या तंत्रज्ञांवर सोंपवून नागरिकांनीं स्वस्थ बसूं नये.

सुशिक्षित घरांस यांत करण्यासारखें पुष्कळ आहे. वर्तमानपत्रांत किंवा मोबाईलवर पावसाचा, उष्णतेचा, हवेच्या धुळीचा आंकडा वाचाल तेव्हां तीन प्रश्न विचारावे : हें कोठलें माप, केव्हांचें माप, आणि यंत्र तपासलें केव्हां? आपल्या वस्तीजवळचें ठाणें कोणतें हें मुलांस ठाऊक असावें. त्यावर झाडाची फांदी आली असेल, कोणीं त्याशेजारीं भिंत उभारली असेल, तर संबंधितांस कळवावें. कारण आडोशाचा पर्जन्यमापक कमी पाऊस सांगतो आणि तापलेल्या गच्चीवरचा तापमापक अधिक ऊन सांगतो. शाळेंत मुलांकडून साध्या नळकांड्याच्या पर्जन्यमापकानें रोज सकाळीं एकाच वेळीं पाऊस मोजून घ्यावा, आणि ज्या दिवशीं पाऊस नसेल त्या दिवशींहि शून्य लिहावयास लावावें. शून्य लिहिणें हें शिकण्यासारखें आहे. न लिहिलेला दिवस व कोरडा दिवस यांतील फरक ज्या मुलास कळला, त्यास निसर्गाचें शास्त्र निम्में कळलें.

कुलाब्याची नोंद जशी खरी होती, तशीच सांताक्रूझची खरी होती. त्या दोन सत्यांच्या मध्यें जी माणसें राहत होतीं त्यांपैकीं बहुतेकांच्या जवळपास त्या दिवशीं कोणतेंच यंत्र नव्हतें. पुढील पावसाळ्यांत आपल्या शहरांत, आपल्या तालुक्यांत अशी जागा कोणती राहिली आहे, याचा शोध आतांपासून घेतला पाहिजे.